गोळी सोबत ठेवा?

सकाळी साडेदहाला सिस्टरांचा फोन आला. "नाडी 60 च्या खाली गेली तर गोळी सोबत ठेवा, असं लिहिलंय तुम्ही. सोबत ठेवून करायचं काय?"

हृदयरुग्णांच्या घरच्यांसाठी डिगॉक्सिन या औषधाच्या सूचनांचं एक इंग्रजी पत्रक आमच्याकडे मराठी करायला आलं होतं. छापायला जाण्याआधी एखाद्या जुन्याजाणत्या नर्सने ते वाचावं, असं ठरलं होतं, म्हणून वाचलो. मूळ शब्द होता 'विथहोल्ड'. नव्याने लागलेल्या मुलाने विथ म्हणजे सोबत, होल्ड म्हणजे धरणं, अशी सरळ बेरीज केली होती. तपासणीची सही मात्र माझी. मराठी वाक्य अडखळत नव्हतं, म्हणून मी ते मुळाशी ताडून पाहिलंच नाही. बिनचूक दिसणारं वाक्य फार घातकी असतं.

सिस्टरांनी शांतपणे समजावलं. हे औषध हृदयाचे ठोके मंदावतं. म्हणून देण्याआधी पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. मोठ्या माणसाचे 60 पेक्षा कमी भरले, तर तो डोस द्यायचा नाही आणि डॉक्टरांना विचारायचं. आमचं पत्रक वाचून कुणी गोळी खिशात घालून बसला असता, कुणी वेळ झाली म्हणून देऊनही टाकली असती.

मुलगा पांढरा पडला होता. "सर, पण विथ म्हणजे सोबतच ना?"

आजच्या इंग्रजीत, हो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता विरुद्ध, उलट दिशेने. विथस्टँड म्हणजे समोर पाय रोवून टिकणं, विथड्रॉ म्हणजे मागे ओढून घेणं, तसंच विथहोल्ड म्हणजे धरून मागे ठेवणं, पुढे न करणं. त्याला हे पटेना, तेव्हा मी विचारलं, "तू मित्राशी बोलतोस आणि मित्राशीच भांडतोस, तेव्हा तो 'शी' कुणाच्या बाजूचा असतो?" मग हसला. (स्पेलिंगमध्ये 'ओल्ड'च्या आधी लागोपाठ दोन एच लागतात, हेही तेव्हाच सांगून घेतलं. थ्रेशोल्डमध्ये त्या जागी एकच असतो, त्यामुळे इथलाही एक हमखास गळतो.)

खरी अडचण पुढेच होती. त्याने 'डोस राखून ठेवा' सुचवलं. निकाल राखून ठेवतात, पण राखून ठेवलेली गोळी माणूस संध्याकाळी घेणारच. 'रोखा' म्हटलं तर पगार किंवा हप्ता आठवतो. 'बंद करा' लिहिलं तर औषध कायमचंच सुटायचं. माहितीच्या बाबतीत हेच क्रियापद 'दडवणं' होतं, करारातल्या संमतीच्या बाबतीत 'अडवून धरणं'. इंग्रजीला एकच शब्द पुरतो. आपल्याला आधी विचारावं लागतं, हातात काय आहे, कोण देत नाहीये आणि किती वेळ. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: वस्तू देणाऱ्याच्या ताब्यात असते, तो देऊ शकतो, आणि देत नाही. नुसतं 'स्वतःला आवरणं' असेल तर इंग्रजी 'रिफ्रेन'कडे वळते. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला घोड्याचा लगाम आहे. गोळीला लगाम घालून काय उपयोग?

शेवटी क्रियापद शोधणंच सोडलं आणि लिहिलं: "नाडी 60 पेक्षा कमी असेल तर त्या वेळची गोळी देऊ नका. लगेच डॉक्टरांना कळवा." एका शब्दासाठी दोन वाक्यं खर्च झाली. सिस्टरांना वाचून दाखवलं.

"हां, आता कळलं," त्या म्हणाल्या. "फक्त 'देऊ नका' ठळक करा. आमच्याकडे लोक चष्मा न लावता वाचतात."