द्रुपती रामगुनाई आणि चटणी सोका

सोका या कॅरिबियनमधील नाचत्या संगीताचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर त्रिनिदाद बेटावरचा कार्निव्हल हा उत्सव येतो, परंतु त्या संगीताच्या जडणघडणीत ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांचाही वाटा आहे, हे क्वचितच सांगितले जाते. 1845 ते 1917 या काळात बहुसंख्येने भोजपुरी पट्ट्यातून गेलेल्या या लोकांनी ढोलक, धनताल (लोखंडी दांडीचे तालवाद्य) आणि टासा ही वाद्ये तेथे रुजवली. टासा म्हणजे आपल्या ताशाचाच भाऊबंद. तेथे तो मातीच्या भांड्यावर चामडे मढवून करतात आणि वाजवण्यापूर्वी विस्तवावर शेकून ताणतात. गायक लॉर्ड शॉर्टी यांनी 1970 च्या दशकात कॅलिप्सो या त्रिनिदादच्या जुन्या गानप्रकारात याच भारतीय तालांची भर घालून सोका घडवला. म्हणजे मिश्रण आधीच झालेले होते.

तरीही दक्षिण त्रिनिदादमधील पेनाल भागातल्या गायिका द्रुपती रामगुनाई 1987 मध्ये ‘चटणी सोका’ हे गाणे घेऊन कॅलिप्सोच्या मंचावर आल्या आणि पुढे त्या गाण्याचेच नाव चटणी (तेथील भारतीयांचे ठेकेबाज लोकसंगीत) आणि सोका यांच्या मिश्रणाच्या संपूर्ण प्रकाराला मिळाले, तेव्हा भारतीय वंशाच्या सनातनी वर्तुळांत मोठा गदारोळ उडाला. भारतीय मुलीने संस्कार सोडून कार्निव्हलच्या तंबूत, दारू आणि अश्लीलतेच्या संगतीत जावे, हेच टीकाकारांना असह्य झाले होते. 1988 मध्ये टासावादकाला उद्देशून गायलेले ‘मिस्टर बिसेसर’ तुफान गाजले, आणि 1989 च्या ‘लिक डाऊन मी नानी’ या गाण्याने टीकेला आणखी धार आली. वरकरणी ते बेदरकार वाहनचालकाने आजीला धडक दिल्याचे गाणे आहे, परंतु तेथील बोलीत ‘नानी’चा दुसरा अर्थ स्त्रीच्या गुह्यांगाशी जोडलेला असल्याने श्रोत्यांना हवे ते ऐकू येत होते.

मला या संतापात एक दांभिकपणा दिसतो. लग्नाआधीच्या ‘माटीकोर’ विधीत केवळ बायकांच्या घोळक्यात अशीच द्व्यर्थी, खट्याळ गाणी पिढ्यान्‌पिढ्या गायली जात होती, आणि चटणी संगीताची मुळे पुष्कळ अंशी तिथेच आहेत. दारू पिणाऱ्या नाना-नानींवर गाणाऱ्या सुंदर पोपो या पुरुष गायकाला तर समाजाने डोक्यावर घेतले. तेव्हा खटकले ते शब्दांपेक्षा, तेच शब्द एका स्त्रीने पुरुषांच्या देखत, आफ्रिकी वंशाच्या वादकांसोबत, माइकवर उच्चारणे असावे. (द्रुपतींचा आवाज विलक्षण खणखणीत आहे, त्याकडे दुर्लक्ष करणे टीकाकारांनाही जड गेले असेल.)

द्रुपती मागे हटल्या नाहीत. 1996 पासून चटणी सोकाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली, आणि 2000 मध्ये सोकाचे लोकप्रिय गायक मशेल मोंटानो यांनी ‘रिअल युनिटी’ या गाण्यासाठी त्यांना सोबत घेतले. ज्या कार्निव्हलमध्ये त्यांनी पाऊलही ठेवू नये असे म्हटले गेले होते, तिथेच ते गाणे वाजले.