फॉर्मल बूट घ्यायचेत? आधी आपला पाय बघा, मग ऑक्सफर्ड की डर्बी ते ठरवा

लग्नसराई आली की आमच्या नात्यात बुटांचा विषय निघतोच, आणि मला लेदरच्या बुटांचं किती वेड आहे ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे फोटो मलाच येतात. यंदा अमळनेरच्या भाच्याने पाठवले, ऑक्सफर्ड, डर्बी, बकलच्या पट्ट्याचा मंक स्ट्रॅप, बिननाडीचा लोफर, एकाखाली एक, आणि खाली एवढंच की मामा यातला कोणता घेऊ? सूट नेव्ही ब्लू, लग्न मे महिन्यात, अन् लग्नानंतर लगेच पुण्याला नोकरीवर हजर व्हायचंय, म्हणजे एकच जोडी दोन्हीकडे चालली पाहिजे. मी त्याला डर्बी सांगितला. का सांगितला ते जरा नीट लिहितो कारण आपल्याकडच्या बऱ्याच पोरांचं इथेच अडतं.

ऑक्सफर्ड आणि डर्बी लांबून सारखेच दिसतात, दोन्हीला नाडी, दोन्ही काळे चकचकीत. फरक बघायचा तो नाडीच्या भोकांपाशी. जिथे नाडी सुरू होते तिथे ऑक्सफर्डमध्ये भोकांच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याच्या खाली शिवलेल्या असतात त्यामुळे त्या खालून बंद, नाडी पूर्ण सोडली तरी बूट फार उघडत नाही. डर्बीत त्याच पट्ट्या पुढच्या चामड्याच्या वरून शिवतात, नाडी सोडली की दोन्ही बाजू मोकळ्या होतात आणि पाय आरामात आत जातो. असल्या उघड्या बांधणीच्या बुटाला ब्ल्यूखर असंही म्हणतात, वॉटर्लूच्या १८१५ च्या लढाईत नेपोलियनविरुद्ध उतरलेला प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर, त्याच्या नावावरून. सैनिकाला बूट पटकन चढवता आले पाहिजेत हा त्यामागचा हिशोब, आणि तो मला आजही पटतो.

आता आपले पाय. शेतात, अंगणात अनवाणी नाहीतर चपलेत वाढलेले, पुढून पसरट आणि बऱ्याच जणांचे वरूनही उंच. हे माझं एकट्याचं म्हणणं नाही, चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखभर लोकांचे पाय मोजले तेव्हा आपले पाय युरोप-अमेरिकेच्या लोकांपेक्षा रुंद निघाले, म्हणून तर भारतीय मापांची वेगळी पद्धत आणायची गोष्ट चालू झाली. पण दुकानात अजून युकेचेच नंबर मिळतात आणि ऑक्सफर्डचे साचे बहुतेक निमुळते.

असा पाय ऑक्सफर्डमध्ये घातला की काय होतं ते जळगावला फुले मार्केटमध्ये भाच्याच्याच पायावर बघितलं. नाडी ताणून बांधली तरी दोन पट्ट्यांमध्ये बोटभर रुंद व्ही उरला, सगळ्यात खालच्या भोकापाशी चामडं ओढलं गेलं आणि करंगळीच्या बाजूला फुगवटा. ऑक्सफर्डची सगळी शोभा त्या दोन पट्ट्या जवळजवळ चिकटून बसण्यात आहे, तो व्ही दिसला की बूट कितीही महागाचा असो, पायाला बसला नाही हे समोरच्याला कळतं. दुकानदार म्हणाला घातल्यावर सैल होतील. वरचं चामडं थोडं सैल होतं हे खरं, पण खालचा सोल रुंद होत नाही ना. मग लोक एक नंबर मोठा घेतात, आणि युकेचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर, तो मुख्यतः लांबीत वाढतो, रुंदीत थोडासाच. बूट पुढे रिकामा आणि मागे टाच सुटते. दोन मिनिटं दुकानात फेऱ्या मारल्या नाहीत तोच भाचा म्हणे, मामा, पाय भलता दुखतस. त्याच नंबरचा डर्बी दिला, चेहराच बदलला त्याचा.

ज्याचा पाय सडपातळ आहे त्याने खुशाल ऑक्सफर्ड घ्यावा, साधा, बिननक्षीचा, काळा, सुटाखाली त्याच्यासारखं काही दिसत नाही आणि हे मी मनापासून सांगतो.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे बूट काढायला किती लागतात! देवाच्या पाया पडायला काढा, मंडपात बसताना काढा, कोणाच्या घरात गेलं की उंबऱ्याबाहेर काढा, त्यात नवरदेवाचे बूट मेहुण्या पळवतात ते वेगळंच. बंद नाडीचा बूट दरवेळी सोडून बांधायचा कंटाळा येतो, मग लोक मागची बाजू टाचेखाली दाबून चपलेसारखा ओढत फिरतात. त्या मागच्या बाजूच्या आत कडक तुकडा असतो, तो एकदा मोडला की टाच धरून ठेवणारं काही राहत नाही, बूट कायमचा ढिला. स्टीलचा शूहॉर्न, म्हणजे टाच बुटात सरकवायची वाकडी पट्टी, पन्नास-शंभरात मिळतो, खिशात मावतो, तेवढा घ्याच. मंक स्ट्रॅप इथे सोयीचा, बकल काढलं की झालं, पट्टा कमीजास्तही करता येतो, आणि ज्याला नाडीच नको त्याला मी डर्बीनंतर तोच सांगेन. लोफर ऑफिसला छान, पण त्यात घट्ट-सैल करायला काहीच नाही अन् मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा संध्याकाळी वरातीत नाचताना पाय सुजून येतात, मग सकाळी बरोबर बसलेला लोफर करकचतो. म्हणून कुठलाही बूट असो, घ्यायला संध्याकाळीच जायचं, आणि जे मोजे घालणार तेच घालून.

सोलकडे कोणी बघत नाही आणि खरी फसगत तिथेच होते. आमच्या एका चुलतभावाचे बूट, लग्नापुरतेच घातलेले, नंतर काही वर्षं कपाटात डब्यात बंद. साखरपुड्याला काढले, दिसायला नवेकोरे, आणि हॉलमध्ये चालताना सोलचे काळे तुकडे फरशीवर पडायला लागले. सोल पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा होता. पॉलीयुरेथेन हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातं, न वापरता ठेवलं तरी, उलट बंद डब्यात जास्तच. म्हणून जो बूट वर्षातून चारदाच घालायचा त्याला रबराचा सोल बघा. शक्य असेल तर शिवलेला, कारण चिकटवलेला सोल उघडला की मोची पुन्हा चिकटवून देतो पण ते किती टिकेल ते सांगता येत नाही, तर गुडइयर वेल्टवाल्या बुटाला कडेने एक चामड्याची पट्टी शिवलेली असते आणि सोल त्या पट्टीला शिवतात, त्यामुळे झिजला की वरचा बूट तसाच ठेवून सोल बदलता येतो. पण कडेला टाके दिसले म्हणून भुलू नका हं, पुष्कळ बुटांना ते टाके साच्यातच पाडलेले असतात, नुसती नक्षी. नख लावून बघा, खऱ्या टाक्यात दोरा हाताला लागतो.

चामड्याचंही तसंच. आत जेन्युइन लेदर छापलं म्हणजे उत्तम चामडं असं नाही, त्याचा अर्थ फक्त चामडं आहे एवढाच. पुढच्या भागावर अंगठा दाबा, बारीक सुरकुत्या पडून मागे गेल्या तर चांगलं, आरशासारखा जाड थर असेल तर त्याखालचं चामडं घासून वर रंगाचं कोटिंग दिलेलं असतं, ते पुढे भेगाळतं आणि भेगेला पॉलिश काही करू शकत नाही.

रंगात मी गडद तपकिरी सांगितला, नेव्ही ब्लूवर सुरेख दिसतो आणि ऑफिसलाही चालतो. टॅन फोटोत उठून दिसतो पण इंटरव्ह्यूला जरा भडक वाटतो. ब्रोगची भोकांची नक्षी मला स्वतःला फार आवडते, पण पहिली आणि एकुलती जोडी असेल तर टोकाला एक सरळ शिवण, बस.

घेतल्यावर लगेच वरातीत घालू नका. आधी घरात, स्वच्छ फरशीवर, रोज थोडा वेळ घालून फिरा, कुठे टोचलं तर सोल कोरा असेपर्यंत दुकानदार बदलून देतो. जूनमध्ये पहिल्या पावसात भिजले तर उन्हात नको, चुलीजवळ तर नकोच, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा आणि बोळे ओले झाले की बदला. आपली काळी माती लागली असेल तर ओली असतानाच फडक्याने पुसून घ्या, वाळली की शिवणीत जाऊन बसते अन् मग ब्रशलाही दाद देत नाही.