ओळ क्रमांक ११७

कृषी संशोधन केंद्रात कनिष्ठ सहायक म्हणून लागून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. आमच्याकडे मुगाच्या एका जुन्या वाणावर काम चालू होते. वाण उत्पादनाला चांगला. पण भुरी रोगाला हमखास बळी पडणारा आणि शेंगा मागेपुढे पिकत असल्याने तोडणीला तीन खेपा लावणारा. त्याचे कोरडे बियाणे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पाठवून आम्ही कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा ४०० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतका मारा देऊन आणले होते. अशा माऱ्याने बियांच्या आनुवंशिक गुणांत बदल, म्हणजे उत्परिवर्तने, घडतात आणि त्यांतून हवे ते झाड निवडता येते. (असे बियाणे किरणोत्सारी होते का, हे लोक अजूनही विचारतात. होत नाही, किरण दाण्यातून आरपार निघून जातात.) याच भाभा केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने काढलेला, १९८५ साली प्रसारित झालेला टीएयू-१ हा उडदाचा वाण आमच्या भागात घरोघरी ठाऊक असल्याने आमच्या अपेक्षाही मोठ्या होत्या.

उन्हाळ्यात घेतलेल्या पहिल्या पिढीत खुरटी झाडे आणि निम्म्या पोकळ शेंगा याखेरीज फारसे काही दिसले नाही. बहुतेक उत्परिवर्तने अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्याशिवाय न दिसणारी, असल्याने ती दुसऱ्या पिढीतच उघड होतात. म्हणून प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या पाकिटात ठेवून खरिपात प्रत्येकाची स्वतंत्र ओळ पेरली. उगवणीनंतर काही ओळींत पांढरीफटक रोपे दिसली आणि आठवड्याभरात मरून गेली. किरणांनी काम केल्याची ती खूण होती.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या प्लॉटवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी पसरली होती. सकाळी नोंदी घेताना ११७ व्या ओळीत मला एक झाड स्वच्छ हिरवे दिसले. पान उलटून पाहिले, खालचे पानही पाहिले. कुठेही डाग नव्हता. मी झाडाला लाल फीत बांधली आणि धावतच सरांना बोलावून आणले.

सर आले, आधी ओळीतली झाडे मोजू लागले. बावीस होती आणि स्वच्छ एकच. ‘एकटे असले म्हणून खोटे ठरत नाही,’ असे म्हणून ते उकिडवे बसले आणि बुंध्याजवळची माती बोटांनी बाजूला केली. खोड जांभळसर होते. आमच्या मूळ वाणाचे खोड हिरवे. रोगप्रतिकारकता आणि खोडाचा रंग हे दोन्ही बदल एकाच झाडात एकदम घडण्यापेक्षा, आधीच्या वर्षी त्याच तुकड्यात घेतलेल्या भुरीप्रतिकारक वाणाचा सांडलेला दाणा उगवला असण्याचीच शक्यता कितीतरी अधिक होती. फीत मीच सोडली. सरांनी झाड उपटले.

उठता उठता त्यांची नजर शेजारच्या ११८ व्या ओळीवर गेली, जिच्यावरून मी त्या सकाळी दोनदा गेलो होतो. तिथे चार झाडे गुडघ्याखाली राहिलेली, भुरीने इतरांसारखीच माखलेली. पण त्यांच्या सगळ्या शेंगा एकदमच काळ्या पडत होत्या. चोवीसांपैकी चार, म्हणजे अप्रभावी गुण दुसऱ्या पिढीत जितक्या झाडांत दिसायला हवा त्या चौथ्या हिश्श्याहून थोडी कमी. पहिल्या पिढीतल्या झाडाच्या सगळ्याच फांद्यांत बदल उतरत नाही, हे धरले तर आकडा जुळत होता. खोडे चारही हिरवी होती. मी रोगाकडे पाहत होतो, त्यामुळे शेंगा मला दिसल्याच नव्हत्या.

त्या चार झाडांचे बी आम्ही वेगवेगळ्या पाकिटांत घेतले. तिसऱ्या पिढीत चारही ओळी एकसारख्या बुटक्या आणि एकाच तोडणीच्या निघाल्या. दाणा मात्र मूळ वाणापेक्षा बारीक भरला, तेव्हा वाण म्हणून पुढे नेण्याऐवजी त्यांचा उपयोग संकरासाठी करायचे ठरले. नोंदवहीत ११७ समोर माझ्याच अक्षरात ‘भेसळ’ असे लिहिलेले आहे.