खुनाचं कलम ४१

गेली सहा वर्षं मी गोव्यातल्या एका लॉ कॉलेजात ‘कॉम्प्युटरवाला’ आहे. नेमणूकपत्रात पदाचं नाव बरंच लांब आहे, पण मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासाच्या साइटवर, असाइनमेंट दिसेना किंवा ऑनलाइन मूट कोर्टात, म्हणजे पोरांच्या सरावाच्या खोट्या खटल्यात, जजचा आवाज येईना, की कॉरिडॉरमधून हाक येते ती एकच: “त्या कॉम्प्युटरवाल्याक आपय रे!” डिचोलीहून सकाळची कदंब बस पकडायची, पोचल्यावर आधी यूपीएस जिवंत आहे का बघायचा. पावसाळ्यात तर रात्रीच्या विजांनी काय काय नेलं याची मोजदाद करूनच दिवस सुरू होतो.

कायदा शिकवणारे लोक मशीनला घाबरत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. ते मशीनवर विश्वास ठेवत नाहीत, एवढंच. ‘आय ॲग्री’च्या वरचा मजकूर आपण कोणी वाचत नाही. हे वाचतात. सगळा. एका सरांना क्लास घेण्यासाठी एक ॲप घालून द्यायला गेलो, तर त्यांनी मला पाऊण तास बसवून ठेवलं, कारण भांडण झालंच तर ते कुठल्या कोर्टात चालणार हे त्यांना आधी बघायचं होतं. सापडलं. कॅलिफोर्निया. सरांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “म्हापशाला असतं तर विचार केला असता.”

पण सांगायचंय ते क्रिमिनल लॉ शिकवणाऱ्या मॅडमबद्दल.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. १८६० पासूनची आयपीसी, म्हणजे भारतीय दंड संहिता, तिची ५११ कलमं, सगळं मागे पडलं आणि ३५८ कलमांचा नवा कायदा आला. मॅडम पेडण्याच्या, आमचं बोलणं मराठीतच. त्यांनी माझ्या टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला आणि सोबत एक फुलस्केप. “सोळा वर्षांच्या नोट्स आहेत रे. नंबर तेवढे बदलून दे. यादी दिलीय.”

यादी त्यांच्या सुबक अक्षरातली, शिकवताना जे आधी येतं ते आधी. खून ३०२ चं १०३. खुनाचा प्रयत्न ३०७ चं १०९. फसवणूक ४२० चं ३१८. असं करत करत शेवटी स्वसंरक्षण, ९६ ते १०६ ची ३४ ते ४४. मी वर्डमध्ये मॅक्रो, म्हणजे शोधून बदलायचं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला, यादी होती तशी त्यात ओतली, फोल्डर दाखवला आणि चहाला गेलो. परत आलो तेव्हा दोनशेच्या वर फाइली तयार. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. ते चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी बसमध्ये असतानाच फोन. “अरे, तू खुन्याला सोडलंस.”

केबिनमध्ये गेलो तर स्क्रीनवर ठळक अक्षरात मथळा: खून, कलम ४१. मला काही कळेना. मॅडमनी बोट ठेवून सांगितलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. मॅक्रोने आधी ३०२ चं १०३ केलं. यादीच्या शेवटी पोचल्यावर त्याला पुन्हा १०३ दिसलं. जुन्या कायद्यातलं १०३ म्हणजे मालमत्ता वाचवताना जीव घेण्यापर्यंत हक्क कधी जातो ते कलम. त्याचा नवा नंबर ४१. मॅक्रो बिचारा सांगितल्या क्रमाने चालला, आणि खून स्वसंरक्षण होऊन बसला. चारशेवीसची दशा त्याहून वाईट. ४२० चं ३१८ झालं, मग जुनं ३१८ समजून त्याचं ९४, म्हणजे फसवणूक करणारा माणूस मृत अर्भक गुपचूप पुरताना पकडला गेला.

खुनाच्या गाजलेल्या नानावटी खटल्याचा १९६१ चा निकाल होता, त्यातल्या उताऱ्यातही ४१. सुप्रीम कोर्टाच्या तोंडी मी बासष्ट वर्षांनंतरचा कायदा घातला होता, तोही चुकीचा.

मूळ फाइली मी वेगळ्या ठेवल्या होत्या, तेवढी अक्कल होती. उपायही सोपा. आधी प्रत्येक जुन्या नंबराच्या जागी खूण लावलेला नवा नंबर घालायचा, म्हणजे तो पुन्हा सापडत नाही. सगळी यादी संपली की खुणा काढून टाकायच्या. मी उत्साहाने हे सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“नको. माझंच चुकलं. ३० जून २०२४ च्या रात्री कोणी खून केला तर कुठलं कलम?”

मी गप्प.

“३०२. गुन्हा त्या दिवशीच्या कायद्याने. या केसी अजून कितीतरी वर्षं चालतील. पोरगी वकील होऊन मडगावच्या कोर्टात उभी राहील आणि चार्जशीटवर ३०२ असेल. तिला माझ्या नोट्समध्ये ते सापडायला नको?”

मग मॅक्रो गुंडाळला. जुना नंबर तसाच ठेवायचा, शेजारी निळ्या रंगात नवा, आणि निकालांच्या उताऱ्यांना हात लावायचा नाही. आता हा उतारा आहे की मॅडमचं स्वतःचं वाक्य, हे मशीनला कळत नव्हतं. मलाही नाही. म्हणून रोज दुपारी दोन ते चार मॅडम वाचायच्या आणि मी माऊस धरायचो. मध्ये कँटीनचा भाजी-पाव. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली, मॅडमच्या घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची होती, तरी शेवटची फाइल झाल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. गावच्या कायदेविषयक शिबिरांसाठीच्या त्यांच्या मराठी नोट्स मात्र पहिल्या दिवसापासून धडधाकट होत्या. त्यातले आकडे देवनागरी. मॅक्रो ‘३०२’च्या शेजारून गेला आणि त्याने ओळखसुद्धा दाखवली नाही.

फॅमिली लॉच्या सरांनी मधल्या काळात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडची जुनी झेरॉक्स स्कॅनला आणून दिली. स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची भाषा इंग्रजी ठेवली तर शब्दांचा चिवडा होतो, पोर्तुगीज ठेवली की बराच सुधारतो. बाकीचं त्यांनी पेन्सिलीने केलं. हा कोड आमच्याकडे अजून घराघरात जिवंत आहे, त्यामुळे एक शब्द चुकला तर कोणाचा तरी अर्धा वाटा जाईल म्हणाले.

दिवाळीनंतर मॅडमनी मला एव्हिडन्सच्या वर्गात बोलावलं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, पूर्वीचं ६५ ब. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या सर्टिफिकेटात आता फाइलचा हॅशही, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा अंगठ्याच्या ठशासारखा कोड, लिहावा लागतो, आणि हॅश म्हणजे काय ते पोरांना डोळ्यांनी दिसायला हवं होतं. मी एक फोटो घेतला, हॅश काढला, चौसष्ट अक्षरांची माळ पडद्यावर आली. तोच फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवून उतरवून घेतला. दिसायला तोच, माळ पूर्ण वेगळी. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं ना. मागून एकाने विचारलं, “मग व्हॉट्सॲपचा फोटो कोर्टात चालतच नाही?” त्यावर मॅडम वीस मिनिटं बोलल्या, मी तोवर वायर गुंडाळली.

“थांब,” त्या म्हणाल्या, “अजून दोन फाइली आहेत.” आणि पेनड्राइव्ह लावून त्यांनी स्वतःच उघडल्या. एक मूळ नोट्स. दुसरी, माझं कलम ४१. ती त्यांनी जपून ठेवली होती. वर्ग हसला, मीही हसलो, काय करणार.

तेव्हापासून मॅडमचा पेनड्राइव्ह माझ्याकडे येतो तो एका छोट्या वहीसकट. तारीख, फाइलचं नाव, हॅशची शेवटची सहा अक्षरं, घेणाऱ्याची सही. काल मी सही करायला विसरलो, तर शिपायाने पेनड्राइव्ह परत नेला.