घूमजाव, पलटी आणि माळवदावरची माती

मत बदललं की आपल्याकडे पहिला शब्द येतो ‘पलटी’. वर्तमानपत्र जरा सभ्य असेल तर ‘घूमजाव’. शास्त्रज्ञाने बदललं तर ‘यांचंच काही ठरेना’, शेजाऱ्याने बदललं तर ‘वारं येईल तशी पाठ’. मला यात एक गोष्ट खटकते. बदल झाला की नाही हे आपण पटकन पाहतो. जुन्या मतातलं काय टाकलं, काय ठेवलं आणि कशावरून, हे मात्र कुणी विचारत नाही. हा हिशेब मागायचा असेल तर मराठवाड्यात किल्लारीच्या भूकंपाइतकं चांगलं उदाहरण नाही.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे तीन छप्पन. तीव्रता 6.2, केंद्र उथळ, मृतांचा आकडा दहा हजारांच्या आसपास. त्या दिवशीच्या भारतीय भूकंप नकाशात किल्लारी झोन 1 मध्ये होती, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. दख्खनचं पठार म्हणजे जुना, थंड, न हलणारा खडक, हे तेव्हाचं शास्त्रीय मत. ते अडाणीपणाचं नव्हतं. हिमालयाच्या तुलनेत इथे भूकंप खरोखरच कमी होतात, आणि ते आजही खरं आहे. चूक पुढच्या पायरीत झाली. ‘क्वचित होतात’ याचा अर्थ ‘होत नाहीत’ असा धरला गेला.

याला एक इशारा आधी मिळून गेला होता. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेने ‘पठार हलत नाही’ या वाक्याला तडा दिलाच होता. पण कोयनेला धरण होतं. धरणाच्या पाण्याचा दाब हे कारण हाताशी असल्याने बाकीच्या पठाराबद्दलचं मत तसंच राहिलं. अपवादाला वेगळं कारण सापडलं की मूळ नियम वाचतो, ही सवय शास्त्रात आहे आणि घरातही. किल्लारी परिसरात 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धक्के बसले होते, लोक घाबरून बाहेर झोपले होते. नकाशा तसाच राहिला.

तो बदलला 2002 मध्ये. मधल्या काळात 1997 चा जबलपूर आणि 2001 चा भूजही होऊन गेला होता. आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या त्या सुधारणेत झोन 1 हा प्रकारच काढून टाकला. उरले चार, झोन 2 ते 5. म्हणजे देशात ‘अजिबात काळजी नको’ असा तुकडाच उरला नाही. किल्लारी झोन 3 मध्ये आली. त्या मानकात झोन 2 ला घटक होता 0.10, झोन 3 ला 0.16, आणि इमारतीवर आडवा किती जोर धरायचा याचा हिशेब या आकड्यापासून सुरू व्हायचा. याला मी पलटी म्हणणार नाही. ‘कमी भूकंप’ हे निरीक्षण ठेवलं, ‘शून्य धोका’ हा निष्कर्ष टाकला, आणि नेमकं काय बदललं ते छापून दिलं. नऊ वर्षं लागली, हे मात्र जास्तच झालं.

आता लोकांच्या मताकडे. तिथला बदल एका रात्रीत झाला आणि माझ्या मते अर्धा चुकला.

भूकंपाआधीचं मत असं होतं: भिंत जितकी जाड तितकं घर भक्कम. दोन-अडीच फुटांची भिंत साधी, वाड्याची त्याहून जाड. उन्हाळ्यात आत गारवा, भिंतीत देवळ्या, वर माळवद, म्हणजे लाकडावर माती पसरलेलं सपाट छत. पण ही जाड भिंत एक नसते, दोन असतात. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर आणि मधे माती, गोटे, चिपा यांचा भराव. दोन्ही थरांना जोडणारं काही नसेल तर भिंत हलल्यावर भराव खाली बसतो आणि पाचरीसारखं दोन्ही थरांना बाहेर ढकलतो. भिंतीला ‘पोट’ येतं ते यामुळेच. जाडी वाढवली की भराव वाढतो. म्हणजे भक्कमपणासाठी केलेली गोष्टच उलटी पडते.

वरच्या मातीचा हिशेब तर अजून सरळ आहे. माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर पडतो. जुना कुणी काढत नाही. पन्नास वर्षांत एक फुटाचे दोन फूट होतात. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे 240 घनफूट, वजन साधारण 11 टन. झोपलेल्या माणसांवर.

या पडझडीत एक गोष्ट तज्ज्ञांच्या नजरेत भरली. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतीवर नसून सागवानी खांब आणि तुळयांच्या खणांवर होता, आणि खांब-तुळईचे सांधे धड होते, तिथे भिंती बाहेर कोसळल्या तरी छत बऱ्याच ठिकाणी उभं राहिलं. म्हणजे जुन्या पद्धतीतच एक भाग जीव वाचवणारा होता.

पण लोकांनी निष्कर्ष काढला ‘दगड वाईट, सिमेंट चांगलं’. भीती खरी होती, त्यामुळे यात कुणाला दोष देता येत नाही. परिणाम मात्र असा की कितीतरी ठिकाणी त्याच दगड-मातीच्या भिंती ठेवून वरचं माळवद उतरवलं आणि स्लॅब टाकला. आता तोच हिशेब पुन्हा करा. दहा बाय बारा, पाच इंच स्लॅब: 50 घनफूट काँक्रीट, सुमारे साडेतीन टन. अकराचे साडेतीन झाले खरे. पण भिंत तीच, मधला भराव तोच, आणि पूर्वीचे खांबही काढून टाकलेले. मत पूर्ण उलटं फिरलं, पण भिंतीतला धोका हलला नाही. नुसती माळवदावरची माती आठ इंचांवर आणली असती तरी भार पावणेचार टनांच्या आत, म्हणजे जवळपास स्लॅबइतकाच, आला असता. खर्च फक्त मजुरीचा, आणि गळतीसाठी मातीत प्लास्टिकचा कागद.

भिंतीला काय करायचं हेही माहीत आहे. नवी दगडी भिंत असेल तर जाडी दीड फुटावर नेऊ नये. दोन्ही थरांतून आरपार जाणारा दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि आडवा दर चार फुटांवर बसवायचा. तेवढा लांब दगड नसेल तर तिथे काँक्रीटचा तुकडा चालतो. दार-खिडकी कोपऱ्यापासून किमान दोन फूट आत. दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून सगळ्या भिंतींवर न तुटता फिरणारा काँक्रीटचा पट्टा. गवंडी तो बरोबर घालतो, पण नेमका कोपऱ्यात गज तोडतो आणि जोडकाम तिथेच संपवतो. पट्टा कोपऱ्यात तुटला तर तो पट्टा उरत नाही, चार सुटे तुकडे होतात.

जुनी भिंत असेल तर ठराविक जागी एकेक दगड सळईने हळूहळू हलवून काढायचा, आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेला 8 मिलिमीटरचा गज ठेवून काँक्रीट भरायचं आणि दहा दिवस पाणी मारायचं. छिन्नी-हातोड्याने ठोकून भोक पाडलं तर आतला भराव सुटतो आणि भिंत आधीपेक्षा अशक्त होते. हे काम दिसत नाही, घर नवं वाटत नाही, म्हणून ते कमी झालं. नवी खोली दिसते.

आरसीसीवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या गजांभोवती बांधलेल्या बारीक सळया, बघा. टोक 90 अंशात वाकवून सोडलं असेल तर हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटलं की रिंग उघडते. ते 135 अंशात, आत काँक्रीटमध्ये शिरेल असं वाकवलेलं हवं, आणि सांध्याजवळ रिंगांमधलं अंतर चार इंच. ‘रिंगा टाकल्यात ना’ एवढ्यावर समाधान मानणं म्हणजे पुन्हा ‘भिंत जाड आहे ना’.

सरकारी भूमिकेबद्दल थोडं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, इथली 52 गावं नव्या जागी हलवली. जमीनधारणेनुसार 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं दिली. गल्ल्यांचं गाव चौकोनी प्लॉटचं झालं. तो निर्णय घाईचा होता की गरजेचा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पण पुढे लोकांनी त्याच घरांपुढे पत्र्याची शेड आणि ओसरी काढली, कारण गोठा, कडबा आणि बाज या तिन्ही गोष्टी नकाशात नव्हत्या.

राजकीय भूमिका तपासायची असेल तर भाषणं सोडा, जीआर वाचा. सगळ्यात वर ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते, मग ‘प्रस्तावना’, मग ‘शासन निर्णय’. आपण तिसरा भाग वाचतो आणि फॉरवर्ड करतो. खरी गोष्ट पहिल्या दोनमध्ये असते. ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’ असेल तर जुना निर्णय गेला. ‘अंशतः बदल’ असेल तर जुना शोधून शेजारी ठेवल्याशिवाय नवा कळणारच नाही. आणि प्रस्तावनेत बदलाचं कारण नसून नुसतं ‘शासनाच्या विचाराधीन होती’ असेल, तर कारण कागदाबाहेर आहे एवढं समजावं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचंच घ्या. 27 जुलै 1978 ला दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, आणि अंमलबजावणी थांबली. 14 जानेवारी 1994 ला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव झालं. दोन्ही वेळा मुख्यमंत्री शरद पवारच. शब्द मात्र बदलला होता, ‘नामांतर’ जाऊन ‘नामविस्तार’ आला. जुन्या नावातला ‘मराठवाडा’ ठेवला, पुढे नवं जोडलं, आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं झालं. तडजोड कुठे झाली हे नावातच वाचता येतं. ती व्हायला लागलेली सोळा वर्षं मात्र नावात दिसत नाहीत.

आणि शेवटी कापूस, कारण मत बदलायची अट आधीच लिहून ठेवायची पद्धत मला तिथे सापडते. बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी, 2002 ला आली, दोन जनुकांची बीजी-2 2006 ला. सोबत सल्ला होता की अळीत प्रतिकार वाढू नये म्हणून कडेने बिगर-बीटीच्या ओळी लावा. 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमचं वेगळं पाकीट त्यासाठीच असायचं. ते बहुतेकांनी बांधावर टाकलं. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. फरदड ठेवून, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक रानात लांबवून, मार्चपर्यंत तिला खायला दिलं. हायब्रीडच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विषही सारखं नसतं, त्यामुळे प्रतिकार वाढायला जागा मिळाली. 2017 च्या हंगामात बोंडं किडून गेली. ‘बीटीला बोंडअळी लागत नाही’ हे वाक्य संपलं आणि सल्ला उलटा झाला: फरदड नको, डिसेंबरअखेर रान मोकळं करा.

आता एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावतात. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणी. किंवा वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं फोडून दोनात अळी किंवा पोखरलेली सरकी दिसली तर. त्याआधी डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, वेचून नष्ट करायच्या. सात पतंग आले तर थांबायचं, शेजाऱ्याने पंप काढला तरी. चूक होते ती मोजण्यात. सापळ्यातली ल्युअर, म्हणजे वासाची गोळी, वेळेवर बदलत नाहीत, तिचा वास उडून जातो, पतंग येत नाहीत, आणि ‘अळी नाही’ असं ठरतं. ल्युअर लावल्याची तारीख सापळ्याच्या काठीवरच मार्करने लिहावी.

पऱ्हाटीचं, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांचं, मात्र अजून जमलेलं नाही. चुलीला लागते म्हणून ती बांधावर रचून ठेवतात, किडक्या बोंडांत अळी सुप्त पडून राहते आणि जूनच्या पावसानंतर पतंग होऊन बाहेर येते. कुट्टी करून रानात गाडा, हा सल्ला बरोबर आहे. पण ज्या घरात सिलिंडर दुसऱ्यांदा भरायला पैसे नाहीत तिथे तो चालत नाही. तिथे निदान रचण्याआधी पऱ्हाटीवरची बोंडं झोडून गोळा करून जाळावीत.