थंडी पडली तू

यावल, 20 मे, रात्र

गच्चीवर तीनदा पाणी मारलं. पहिल्या बादलीला चर्र झालं, पण तासाभरात स्लॅब पुन्हा पायाला चटके द्यायला लागला. खाट टाकलीय, झोप नाही.

दुपारी आक्का म्हणाली, "थंडी पडली तू." भाऊंची केळी वादळात आडवी झाली, ते ऐकून मी पहिलं विचारलं, पंचनामा झाला का? बस, तेवढंच. रडले नाही. पुण्याला गेल्यापासून... जाऊ दे.

थंडी. आक्कानं हा शब्द माझ्यासाठी वापरावा! तारे कसे निवतात हेच तर मी दिवसभर मांडत बसते. न्यूट्रॉन तारा दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचा, तरी सूर्याहून जड. न्यूट्रिनो, म्हणजे जवळपास कशालाही न अडणारे सूक्ष्म कण, त्याच्या पोटातली उष्णता घेऊन थेट निघून जातात आणि वरच्या कवचाला कित्येक वर्षं त्याचा पत्ताच नसतो. या स्लॅबच्या अगदी उलट. मी तशी झालेय का? वरून आक्काची पोर, आतून कधीच निवलेली?

1984 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटेन यांनी मांडलं, की अप, डाउन आणि स्ट्रेंज या तीन जातींच्या क्वार्कचं (प्रोटॉन-न्यूट्रॉनही क्वार्कचेच बनतात) मिश्रण हेच पदार्थाचं सर्वांत स्थिर रूप असू शकेल. अशा मिश्रणाचा तारा, म्हणजे क्वार्क तारा, अजून सिद्ध झालेला नाही, पण गणितात तो आहे. त्याचा उघडा पृष्ठभाग प्रचंड तापलेला असूनही साधा प्रकाश फारसा सोडत नाही. चमकतो तो वरच्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ थरात जन्मणाऱ्या इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा उलट भाराचा जुळा) यांच्या जोड्यांमुळे. आतले क्वार्क जोडीनं बांधले गेले तर न्यूट्रिनोंची वाटही जवळपास बंद होते, धग आतच राहते.

2002 मध्ये आरएक्स जे1856 हा असाच तारा असावा, असं काही जण म्हणाले होते. क्ष-किरणांतल्या उजेडावरून त्याची त्रिज्या फारच लहान निघत होती. पुढे ते मत मागे पडलं. दुरून जेवढं दिसलं, त्यावरूनच बोलले ते. आक्कानंही तेच केलं. तिला माझा प्रश्न ऐकू आला, दुसरं काय ऐकू येणार होतं? मी बोललेच नव्हते काही.

तरी तो शब्द सलतोय.

चौथी बादली भरायला खाली उतरले. आक्का ओट्यावर जागीच होती. म्हणाली, "नको ओतू, पानी वाया जातं." शेजारी बसले. विचारलं, किती खोडं उभी राहिलीत?

तिनं मोजली होती.