परिचय पाठवा की बाई

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी पोहे परतत होते आणि फोन आला. जवळच्याच एका गावात साहित्य संमेलन, त्यातल्या कवी संमेलनात मला बोलवलेलं. कार्यकर्ते म्हणाले, "बाई, परिचय पाठवा की, आठ-दहा ओळी. सूत्रसंचालकाला वाचायला पाहिजे." मी "होय की, पाठवते" म्हटलं आणि पुढचे अकरा दिवस त्या आठ ओळींनी मला जेवू दिलं नाही.

आमच्याकडं संमेलन म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. 1946 साली बेळगावात मराठी साहित्य संमेलन झालं, माडखोलकर अध्यक्ष होते, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला, हे इथल्या प्रत्येक भाषणात एकदा तरी येतंच. आता सुगी आटोपली, थंडी पडली की कडोली, उचगाव, येळ्ळूर असं एकेका गावात मांडव पडतो. सकाळी ग्रंथदिंडी, टाळमृदंग, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, मग भाषणं, मग जेवण. मी कित्येक वर्षं समोरच्या खुर्चीत बसून परिचय ऐकले आणि मला खरंच वाटायचं की सूत्रसंचालक अभ्यास करून लिहितात. सिद्धहस्त, व्यासंगी, चतुरस्र! आणि पाहुणे मान खाली घालून शालीचं टोक चाळवत बसलेले, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. ते सगळं त्यांनीच आदल्या आठवड्यात रात्री टाईप करून पाठवलेलं असतं हे मला या वयात कळलं. ती मान विनयानं खाली नसते हो, कुठला शब्द गाळला काय ते कान देऊन ऐकत असतात.

तर बसले लिहायला. नाव झालं. मग जन्म. जन्म खानापूर तालुक्यातल्या आजोळी, तिथवर ठीक, पण पुढं राहणार कुठं? शाळेच्या दाखल्यावर बेळगाव, 2014 नंतरच्या कागदावर बेळगावी, आणि मराठी संमेलनाच्या मांडवात बेळगावी म्हटलं तर पुढच्या रांगेतले आजोबा उठून जातील. शेवटी 'सीमाभागातील' असं लिहिलं. म्हटलं यात सगळे बसतात.

मग आलं ते 'त्या'. परिचय तृतीय पुरुषात लिहायचा असतो, 'त्या गेली वीस वर्षे कवितालेखन करीत आहेत'. आता आमच्या भागातल्या बायका घरात 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, मी पण तसंच बोलते, लिहायला बसलं की तेवढं 'आले, गेले' होतं. म्हणजे मी अगोदरच घरात एक आणि कागदावर एक, त्यात ही तिसरी 'त्या' कुठून आली? 'त्या' म्हटलं की मला कॉटनची साडी नेसलेली, चष्मा साखळीला लावलेली, कुणाला चहासुद्धा न विचारणारी बाई दिसते. मी तिला ओळखत नाही. पण मजा बघा, 'मी चांगल्या कविता लिहिते' हे वाक्य माझ्या हातून मेले तरी उतरलं नसतं, आणि 'त्या'च्या नावावर मी दहा मिनिटात 'संवेदनशील' आणि 'आशयघन' दोन्ही लिहून मोकळी! दुसऱ्याच्या नावावर उधारी करावी तसं.

कवयित्री हा शब्द मात्र चारदा लिहिला आणि चारदा खोडला. ज्या गावात इंदिरा संत राहिल्या त्या गावात पिग्मीचे हिशेब करणाऱ्या बाईनं स्वतःला कवयित्री म्हणायचं म्हणजे जरा जडच जातं.

हो, मी पतसंस्थेत क्लार्क आहे, दिवसभर पिग्मी. त्याचं 'आर्थिक क्षेत्रात कार्यरत' केलं. सार्वजनिक वाचनालयाची सभासद आहे, वाचनालय 1848 सालचं आणि माझी वर्गणी चार महिने थकलेली, त्याचं 'वाचन चळवळीशी निकटचा संबंध'. मराठी, कन्नड, हिंदी बोलते म्हणून 'बहुभाषिक व्यक्तिमत्त्व' लिहिलं, आणि लगेच आठवलं की आमची भाजीवाली या तिन्ही भाषांत घासाघीस करते, वर कोकणीत शिव्या देते, तिचा परिचय कोण वाचतो? खोडलं.

असा परिचय याआधी एकदाच झाला होता, लग्नाच्या वेळी, आणि तो मामांनी लिहिलेला. रंग निमगोरा, उंची 5 फूट 3 इंच (2 इंच मामांची माया), गृहकृत्यदक्ष, शेती 3 एकर. ती तीन एकर चार काकांत होती. पण मामांना लाज अजिबात वाटली नव्हती, एका बैठकीत लिहून काढलं, कारण ते भाचीविषयी लिहीत होते. ह्यांना म्हटलं, तुम्ही लिहून द्या की माझं, तर दोन मिनिटं विचार करून म्हणाले, "चहा चांगला करतेस." तेवढंच.

शेवटी लाज वाटेल ते ते काढत गेले आणि चार ओळी उरल्या. पाठवल्या. संध्याकाळी फोन, "बाई, हे लईच लहान झालंय, मी जरा वाढवू काय?"

मी जरा आढेवेढे घ्यायला पाहिजे होते. एका सेकंदात "वाढवा की" म्हटलं.

संमेलनात जेवणानंतर, निम्मा मांडव पेंगत असताना, सूत्रसंचालकानं माइक ठोकला आणि मला 'सीमाभागाची मुलुखमैदान तोफ' म्हणून बोलावलं. ती तोफ विजापुरात असते, शाळेच्या सहलीत बघितलेली, भर उन्हात हात लावला तरी गार लागते म्हणतात. माझी कविता पावसात भिजलेल्या वाळवणावर होती. पेंगणारे दचकून जागे झाले, टाळ्या पडल्या, मी मान खाली घालून पदराचं टोक चाळवत उभी.

सासूबाई दुसऱ्या रांगेत होत्या. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "ते तोफ कुणाला म्हणाले गं?"

सूत्रसंचालकाकडनं तो कागद मात्र मी मागून घेतला. पर्समध्ये आहे.